प्रतीक्षेचे दिवस : कर्करोगाच्या रुग्णाच्या तपासण्या व अनिश्चितता

कर्करोगाविषयी लिहिताना रोगाची कारणे, त्याची लक्षणे आणि त्यावरील उपचार यांचे वर्णन करण्याची प्रथा आहे. ज्याला हा रोग झाला त्या माणसाचे दिवस कसे जातात, याचा विचार त्या मानाने थोडा होतो. या दिवसांचा फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर नाव पुकारले जाण्याची वाट, अहवालाची वाट, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढण्याची वाट, पुढच्या तारखेची वाट. आणि उपचार संपल्यावर रोग परत येतो की काय, या शंकेत काढावयाची वर्षे. शस्त्रक्रियेनंतरची वेदना औषधाने शमविता येते. प्रतीक्षेवर तसे औषध नाही.

तथापि ही प्रतीक्षा सुसह्य करणे शक्य आहे, आणि त्याचा पहिला उपाय ज्ञान हा होय. अहवालास इतके दिवस का लागतात, ठरलेला उपचार एक आठवडा पुढे का ढकलला जातो, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे ज्याला समजते त्याची चिंता नाहीशी होत नाही. परंतु तिला मर्यादा पडते. हा केवळ मनःस्वास्थ्याचा प्रश्न आहे असेही नाही. भीतीपोटी तारीख चुकविणारा रुग्ण कित्येकदा उपचाराची संधीच गमावून बसतो. यास्तव रोगाइतकाच या प्रतीक्षेचाही शास्त्रीय विचार करणे अगत्याचे आहे.

१. अनिश्चिततेचे तीन प्रकार

समजा, जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या पन्नाशीच्या एका शिक्षिकेस स्तनात गाठ आढळली. गावच्या डॉक्टरांनी तिला मोठ्या शहरातील कर्करोग रुग्णालयात पाठविले. आगगाडीत बसल्यापासून तिच्या मनात प्रश्नांची गर्दी होते. गाठ कर्करोगाची असेल काय? रोग कोठवर पसरला असेल? उपचार किती महिने चालतील? खर्च किती येईल? केस गळतील काय? पुन्हा शाळेत जाता येईल काय? बरे झाल्यावर रोग परत येईल काय? धाकट्या मुलीचे लग्न आपल्या डोळ्यांदेखत होईल काय?

मनात हे सारे प्रश्न एकत्र येतात व त्यांचे एकच मोठे ओझे होते. वस्तुतः ते तीन निरनिराळ्या प्रकारचे आहेत. उपचाराचा काळ, खर्च, केस गळणे हे प्रश्न पहिल्या प्रकारचे होत. त्यांची उत्तरे बव्हंशी उपलब्ध असतात. ती केवळ रुग्णास सांगितलेली नसतात. गाठ कशाची आहे व रोग कोठवर गेला आहे, हे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न होत. त्यांचे उत्तर आज नसते, पण ठरावीक तपासणीनंतर व ठरावीक दिवसांनी ते मिळावयाचे असते. रोग परत येईल काय, आपण किती वर्षे जगू, हा तिसरा प्रकार होय. त्याचे निश्चित उत्तर जगातील कोणत्याही तज्ज्ञापाशी नसते. त्याबाबत केवळ संभव सांगता येतो.

या तिन्ही प्रकारांना तीन वेगळे उपाय लागतात. पहिल्यासाठी विचारणे, दुसऱ्यासाठी तारीख ठाऊक करून घेऊन थांबणे, व तिसऱ्यासाठी अनिश्चिततेसह जगण्याची सवय करणे. पुष्कळ रुग्णांचे हाल होतात ते या उपायांची अदलाबदल झाल्यामुळे. जे विचारून लगेच कळले असते, त्याची चिंता ते महिनोन् महिने वाहतात. आणि ज्याला उत्तरच नाही, ते दहा जणांना विचारीत फिरतात.

२. अहवालास वेळ का लागतो?

गाठ कर्करोगाची आहे किंवा नाही, याचा निर्णय ऊतकपरीक्षेने, म्हणजे ज्यास रुग्णालयात बायॉप्सी म्हणतात त्या परीक्षेने होतो. सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने गाठीचा तुकडा काढला की रुग्णाला वाटते, आता डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतील व संध्याकाळपर्यंत सांगतील. अहवालास पाच-सात दिवस लागणार असे कळताच त्याच्या मनात शंका येते की, काहीतरी वाईट निघाले असून ते आपल्यापासून लपविले जात आहे.

प्रत्यक्षात त्या तुकड्याला मोठा प्रवास करावा लागतो. प्रथम तो फॉर्मॅलिनच्या द्रावणात बुडवून ठेवतात. त्यामुळे पेशी कुजत नाहीत व त्यांची रचना जशीच्या तशी टिकते. हे द्रावण ऊतकात हळूहळू मुरते. त्यास कित्येक तास व मोठ्या तुकड्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढून टाकतात आणि पाण्याच्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. मेण घट्ट झाले की त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यावरून हे काम किती नाजूक आहे याची कल्पना येईल. काप काचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगविले म्हणजे पेशींची केंद्रे निळसर जांभळी व भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. यानंतरच विकृतिशास्त्रज्ञाचे काम सुरू होते.

तेवढ्यानेही काम संपत नाही. स्तनाच्या कर्करोगात पेशींवर संप्रेरकांचे ग्राही आहेत काय व हर-टू नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक आहे काय, हे पाहणे जरूर असते. कारण कोणते औषध द्यावयाचे हे त्यावरून ठरते. यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करून निराळे रंजन करावे लागते. हर-टूचा निष्कर्ष काठावरचा आला तर जनुकांची आणखी एक परीक्षा करतात व त्यास पुन्हा काही दिवस जातात. तुकडा हाडाचा असेल तर तो कापण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम काढून टाकावे लागते, म्हणून विलंब अधिक होतो.

सारांश, अहवालास लागणारा वेळ हा रासायनिक क्रियांचा व बारीक निरीक्षणाचा वेळ असतो. त्या वेळेवरून निष्कर्ष चांगला की वाईट, याचे अनुमान काढता येत नाही. आपल्या शिक्षिकेने तुकडा काढताच एवढेच विचारावे की, ‘अहवाल साधारण कोणत्या दिवशी येईल, तो कोण सांगेल, आणि त्या दिवशी न आल्यास कोणाला विचारावयाचे?’ या तीन उत्तरांची नोंद जवळ असली म्हणजे मधल्या दिवसांत रोज चौकशीची खिडकी गाठावी लागत नाही.

३. यंत्रापुढील दिवस

रोगाचा विस्तार पाहण्यासाठी निरनिराळ्या यंत्रांचा उपयोग करतात. त्यांपैकी पेट स्कॅन या तपासणीची वेळ रुग्णास फार काटेकोर वाटते. तीत फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखर शिरेवाटे देतात. कर्कपेशी बहुधा साखर अधिक शोषून घेतात, म्हणून त्या ठिकाणी हा पदार्थ साठतो व चित्रात तो भाग उजळ दिसतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा आहे. म्हणजे सकाळी आठ वाजता असलेला साठा दहा वाजण्याच्या सुमारास निम्मा होतो. हा पदार्थ साठवून ठेवता येत नाही. तो त्या त्या दिवशी सायक्लोट्रॉन यंत्रात बनवावा लागतो. एखाद्या दिवशी त्यात अडचण आली तर रुग्णांच्या तारखा पुढे जातात. त्यात कोणाची उपेक्षा करण्याचा हेतू नसतो.

या तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते, आणि सुई दिल्यावर सुमारे एक तास शांत पडून राहावे लागते. मधुमेही रुग्णाने आपली औषधे त्या दिवशी कशी घ्यावी, हे आधीच विचारले पाहिजे. कारण रक्तातील साखर फार वाढलेली असल्यास चित्र नीट येत नाही व फेरी वाया जाते.

उजळ दिसणारा प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. क्षयाची ग्रंथी, भरत आलेली जखम किंवा साधी सूज हीदेखील साखर शोषून घेते. म्हणूनच डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्यानंतर पेट स्कॅन करण्यापूर्वी बहुधा बारा आठवडे थांबतात. घाईने काढलेले चित्र किरणोपचाराच्या दाहालाच रोग समजण्याचा संभव असतो. येथे थांबणे हाच तपासणीचा एक भाग होय.

रसायनोपचाराच्या तारखांबाबतही असेच आहे. कित्येक औषधे २१ दिवसांच्या अंतराने देतात. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, व पुढे त्या हळूहळू भरून येतात. पुढील मात्रेपूर्वी रक्त तपासतात ते यासाठीच. पेशी पुरेशा भरल्या नसतील तर मात्रा काही दिवस पुढे ढकलतात. दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णास त्याचा फार त्रास होतो, हे खरे. परंतु त्यावरून उपचार फसला असे समजण्याचे कारण नाही.

४. सरासरी आणि माणूस

आता तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे निश्चित उत्तर नसलेल्या प्रश्नांकडे वळावयाचे. रुग्ण विचारतो, ‘किती दिवस?’ आणि त्यास कोठून तरी एक आकडा मिळतो. हा आकडा मग त्याच्या मनात शिक्षेच्या मुदतीसारखा बसतो. त्याचा खरा अर्थ काय, हे अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाच्या अनुभवावरून चांगले समजेल.

स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्ड विद्यापीठातील प्रसिद्ध पुराजीवशास्त्रज्ञ होते. १९८२ च्या जुलै महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांच्या पोटातील आवरणास मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी ग्रंथालयात जाऊन या रोगावरील लेख वाचले. त्यांत लिहिले होते की, रोग बरा होत नाही व निदानानंतरच्या आयुर्मर्यादेची मध्यका आठ महिन्यांची आहे. सामान्य वाचकाने याचा अर्थ ‘आपण आठ महिन्यांत मरणार’ असा केला असता. गूल्ड यांना संख्याशास्त्र अवगत असल्यामुळे त्यांनी तो आकडा उलगडून पाहिला.

मध्यका म्हणजे काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अकरा रुग्ण निदानानंतर अनुक्रमे १, २, ३, ५, ७, ८, १०, १८, ४०, ९० व २४० महिने जगले असे धरू. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध, म्हणजे सहाव्या जागी, ८ हा आकडा येतो. ही मध्यका झाली. पाच जण त्याहून कमी जगले, पाच जण त्याहून अधिक. परंतु दोन्ही बाजू सारख्या नाहीत. कमी जगणाऱ्यांची मर्यादा शून्य ते आठ महिने एवढ्या आखूड जागेत आहे, कारण शून्याखाली कोणी जाऊ शकत नाही. अधिक जगणाऱ्यांची बाजू मात्र कित्येक वर्षांपर्यंत लांबत जाते. याच अकरा जणांची साधी सरासरी काढली तर ती ३८ महिन्यांहून अधिक भरते. म्हणजे एकाच समूहाविषयीचे दोन्ही आकडे खरे, पण त्यांतून उभे राहणारे चित्र अगदी निराळे!

गूल्ड यांनी पुढचा विचार असा केला की, आपले वय तरुण आहे, रोग त्या मानाने लवकर सापडला आहे व उत्तम उपचार मिळत आहेत. तेव्हा आपण लांबट बाजूस असण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय प्रसिद्ध झालेले आकडे हे मागील काळातील उपचारांचे असतात, आणि त्यांच्यावर तर नव्या पद्धतीचे उपचार चालू होते. या विचारावर त्यांनी १९८५ साली एक निबंध लिहिला. निदानानंतर सुमारे वीस वर्षे ते जगले व त्यांनी मोठे ग्रंथ पूर्ण केले. २००२ साली त्यांचा मृत्यू झाला, तो दुसऱ्याच एका कर्करोगाने.

या उदाहरणावरून प्रत्येक रुग्ण वीस वर्षे जगेल असा अर्थ कोणी काढू नये. तसे म्हणणे ही फसवणूक होईल. त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, आकडा समूहाविषयी बोलतो. समूहातील एखादा माणूस कोठे उभा आहे, हे तो सांगत नाही. यास्तव ‘मी किती दिवस जगेन?’ याऐवजी ‘माझ्यासारख्या वयाच्या व याच टप्प्यातील रुग्णांत चांगल्यात चांगले काय घडते, वाईटात वाईट काय घडते, आणि बहुतेकांचे काय होते?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरते. या प्रश्नास डॉक्टर प्रामाणिक उत्तर देऊ शकतात, आणि त्या उत्तरावरून शाळेची रजा, मुलीचे लग्न, घराचे कर्ज यांचा विचार करता येतो.

५. भेटीची तयारी

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांची भेट काही मिनिटांची असते. त्या मिनिटांसाठी रुग्ण रात्रभर प्रवास करून आलेला असतो. आत गेल्यावर त्याचे भान हरपते, योजलेले प्रश्न आठवत नाहीत, आणि सांगितलेल्यातील बराच भाग दाराबाहेर पडेपर्यंत विसरला जातो. यात रुग्णाचा दोष नाही. भय वाटत असताना स्मरणशक्ती मंदावते, असे मानसशास्त्र सांगते. म्हणून ही भेट स्मरणावर सोपवू नये.

त्यासाठी एक साधी वही पुरते. तिच्या पहिल्या पानावर रोगाचे नाव, झालेल्या शस्त्रक्रिया व उपचार यांच्या तारखा, चालू औषधे, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास त्याची नोंद, आणि ज्या औषधाने पूर्वी त्रास झाला त्याचे नाव असावे. पुढील पानांवर मागील भेटीनंतर काय जाणवले ते तारीखवार लिहावे. ‘बरे वाटत नाही’ या शब्दांपेक्षा ‘मात्रेनंतर तिसऱ्या दिवसापासून चार दिवस उलट्या झाल्या’ या नोंदीचा डॉक्टरांना अधिक उपयोग होतो. प्रश्न मोजकेच, तीन किंवा चार, महत्त्वाच्या क्रमाने लिहावे. कारण वेळ संपला तर शेवटचे राहतील, पहिले राहू नयेत.

शक्य असल्यास सोबत एकाच समजदार आप्तास न्यावे व उत्तरे टिपण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. भेट संपण्यापूर्वी रुग्णाने आपल्या शब्दांत सांगून पाहावे : ‘डॉक्टरसाहेब, मला असे समजले की आता तीन मात्रा राहिल्या, मग शस्त्रक्रिया, आणि ताप आला तर लगेच यावयाचे. बरोबर ना?’ अशाने गैरसमज जागच्या जागी दुरुस्त होतो. सगळे कागद, चित्रफिती व ऊतकाचे अहवाल तारखेच्या क्रमाने एका पिशवीत ठेवावे. मेणाच्या वड्या व काचा हीदेखील महत्त्वाची वस्तू आहे; दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यावयाचे झाल्यास त्याच मागितल्या जातात. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. मात्र ते आरंभीच, एकदा व योग्य ठिकाणी घ्यावे. मतांच्या शोधात उपचाराचे महिने दवडू नयेत.

प्रवासाच्या व खर्चाच्या चिंतेचाही येथे विचार केला पाहिजे, कारण तारखा चुकण्याचे ते एक मोठे कारण आहे. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या सोबत्यास भारतीय रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात, व त्यांपैकी कित्येकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. अशा सोयींची माहिती मोठ्या रुग्णालयांतील समाजसेवा विभागात मिळते. तेथे चौकशी करण्यात संकोच मानू नये.

६. फेरतपासणी : किती आणि कशासाठी?

उपचार संपला म्हणजे रुग्णास आनंद व्हावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. पुष्कळांना त्या वेळी उलट अधिक भीती वाटते. उपचार चालू असताना रोगाविरुद्ध काहीतरी चालले आहे असा आधार होता. तो आता सुटतो. यापुढे फेरतपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, जुनी प्रत्येक कळ नवी वाटू लागते, आणि तपासणी ठीक निघाली की पुढील तारखेपर्यंत जीव भांड्यात पडतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, त्यास मनाचा दुबळेपणा म्हणता येणार नाही.

स्तनाच्या कर्करोगानंतर साधारणतः पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी व त्यानंतर वर्षातून एकदा तपासणीस बोलावतात, आणि स्तनाचे क्ष-किरण चित्र वर्षातून एकदा काढतात. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात पहिल्या वर्षी बोलावणे याहून अधिक वेळा असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत या रोगांचा पुनरुद्भव होण्याचा संभव जास्त असतो, आणि तंबाखू न सोडणाऱ्यांत तोंडात किंवा घशात दुसरा नवा कर्करोगही उद्भवू शकतो.

येथे रुग्णाच्या मनात एक प्रश्न येतो. दर खेपेस सर्व शरीराचे स्कॅन का करीत नाहीत? पैसे वाचविण्यासाठी, की दुर्लक्षामुळे? या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेतला गेला आहे. इटलीमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांचे दोन गट करून, एका गटास नेहमीची तपासणी व दुसऱ्यास त्याखेरीज हाडांचे, छातीचे व यकृताचे वारंवार चित्रण, असे प्रयोग करण्यात आले. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. अधिक चित्रणामुळे स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही. अंडाशयाच्या कर्करोगाबाबत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असेच आढळले. सीए-१२५ हे रक्तातील दर्शक द्रव्य वाढताच औषध सुरू केलेल्या स्त्रिया, आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रिया, यांच्या आयुर्मर्यादेत फरक पडला नाही.

याउलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर रक्तातील सीईए या द्रव्याची नियमित मोजणी व चित्रण करतात. कारण यकृतात नवी गाठ लवकर सापडल्यास ती काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येते. तेव्हा तपासणी किती व्हावी, हे रोगाच्या स्वभावावर अवलंबून असते. जी तपासणी पुढील कृती बदलू शकत नाही, ती केवळ चिंता वाढविते. दर्शक द्रव्ये तर अन्य कारणांनीही वाढतात. सीए-१२५ पोटाच्या क्षयात व मासिक पाळीच्या दिवसांत वाढू शकते, तर सीईए धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळते. एका आकड्याच्या लहानशा चढउताराने घाबरून जाण्यात अर्थ नाही. चढ टिकतो काय, हे पुन्हा मोजूनच कळते.

मात्र जी तपासणी ठरली आहे ती चुकवू नये. ‘काही निघाले तर?’ या भीतीने घरी राहिल्याने जे असेल ते नाहीसे होत नाही. फक्त उशिरा कळते.

७. ज्या वेळी तारखेची वाट पाहू नये

संयमाचा उपदेश सर्वत्र लागू नाही. काही लक्षणांत पुढील तारखेपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. रसायनोपचार चालू असताना ३८ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा अधिक ताप आल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे, मग ती मध्यरात्र का असेना. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत उग्र रूप धारण करतो. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. घरात तापमापक असणे त्यामुळे आवश्यक आहे.

पाठीत नव्याने तीव्र वेदना होऊन पायांतील शक्ती कमी होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, न थांबणारा रक्तस्राव, एकाएकी धाप लागणे, चेहरा व मान सुजणे, झटके येणे, आणि पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, ही त्याच वर्गातील लक्षणे होत. अशा वेळी कोठे जावयाचे व कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावे. वाट केव्हा पाहावी व केव्हा पाहू नये, याची सीमारेषा स्पष्ट असली म्हणजे इतर वेळी मन अधिक स्वस्थ राहते.

८. घरची माणसे

आपल्याकडे रोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची चाल अद्याप आहे. ‘आईला सांगू नका, ती खचून जाईल,’ असे मुले डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतात. त्यांचा हेतू प्रेमाचा असतो. परंतु कर्करोग रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या, शिरेतून औषध घेणाऱ्या आईला बहुधा सर्व समजलेले असते. तीही मुलांना दुःख होऊ नये म्हणून न समजल्याचे सोंग करते. अशा रीतीने एकाच घरात सारे जण एकच भीती एकेकटे वाहतात.

याचा अर्थ सर्व काही एकदम रुग्णापुढे ओतावे असा नाही. किती जाणून घ्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. ‘आई, डॉक्टर जे सांगतील ते तुला ऐकावयाचे आहे, की आम्ही ऐकून थोडे थोडे सांगू?’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होते. कोणी म्हणेल, सर्व सांगा. कोणी म्हणेल, उपचाराचेच तेवढे बोला. दोन्ही उत्तरे योग्यच. ती पुढे बदलूही शकतात.

भेटीस येणाऱ्या नातलगांनी आणखी एक पथ्य पाळावे. ‘धीर धर, काही होणार नाही,’ हे वाक्य रुग्णाचे बोलणे थांबविते. त्यापेक्षा ‘परवा तपासणी आहे ना? मी येऊ का बरोबर?’ या शब्दांचा त्यास अधिक आधार होतो. ऐकीव औषधे, काढे व चमत्काराच्या कथा आणू नयेत. त्यांपैकी काही वनस्पती चालू औषधांच्या क्रियेत अडथळा आणतात व यकृतास अपाय करतात.

९. प्रतीक्षेतील मन

तिसऱ्या प्रकारच्या अनिश्चिततेबरोबर राहण्यासाठी कोणतीही एक युक्ती सर्वांना उपयोगी पडत नाही. तथापि काही गोष्टी पुष्कळांच्या कामी येतात. तपासणी व निकाल यांमधील दिवस रिकामे ठेवू नयेत. हातांना काम व शक्य तितके चालणे असावे. निकाल लगेच मिळेल अशी भेट ठरवून घेता आली तर उत्तम. मोठ्या योजना सोडून देऊ नयेत, पण त्यांचे लहान भाग करावेत. पुढील तारखेपर्यंत जे करावयाचे ते निश्चित ठरवावे, व त्यापलीकडचे पेन्सिलीने लिहावे.

काही रुग्णांची चिंता मात्र याने आवरत नाही. झोप, अन्न व बोलणे सुटते. अशा वेळी मनाचा त्रास मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी एक साधी मापनी वापरतात. शून्य म्हणजे त्रास नाही व दहा म्हणजे पराकाष्ठेचा त्रास. रुग्णाने आपला आकडा सांगावयाचा. तो चार किंवा अधिक असल्यास त्याची अधिक चौकशी व्हावी असा संकेत आहे. ताप सांगावा तितक्याच सहजपणे हा आकडा डॉक्टरांना किंवा परिचारिकेस सांगावा. समुपदेशन व औषध या दोहोंचाही उपयोग होतो.

परिहारक सेवेविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेदना, धाप, भीती यांचे शमन करणारी ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी आहे असे समजतात. बॉस्टन येथे फुप्फुसाच्या प्रसार पावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले व त्यांच्यात खिन्नता कमी आढळली. इतकेच नव्हे, तर त्यांच्या आयुर्मर्यादेची मध्यका ११.६ महिने, आणि इतरांची ८.९ महिने भरली. तेव्हा ही सेवा मागणे म्हणजे हार मानणे नव्हे.

उपसंहार

शेवटी त्या शिक्षिकेकडे पुन्हा पाहू. तिची शस्त्रक्रिया झाली, मात्रा संपल्या, केस पुन्हा आले. ती शाळेत जाऊ लागली आहे. दर सहा महिन्यांनी ती वही घेऊन रात्रीच्या गाडीने शहरात येते. तारखेच्या आधीचे चार दिवस तिला आजही जड जातात, आणि रोग परत येणार नाही असे वचन तिला कोणी दिलेले नाही. प्रामाणिक डॉक्टर ते देऊ शकत नाहीत. परंतु काय विचारावयाचे, कशाची वाट पाहावयाची, कोणत्या लक्षणास धावत यावयाचे, हे तिला ठाऊक आहे. उरलेली अनिश्चितता मोठी असली तरी ती आता तिच्या सर्व दिवसांवर पसरलेली नाही.

कर्करोगाची पुष्कळ कोडी विज्ञानाने सोडविली आहेत व पुष्कळ अद्याप सुटावयाची आहेत. ती सुटेपर्यंत रुग्णाला वाट पाहावी लागणार. ती वाट अज्ञानात व एकट्याने पाहावी लागू नये, एवढी व्यवस्था करणे मात्र डॉक्टर, आप्त व समाज यांच्या हाती आजही आहे.